भिंतीपलीकडचा श्वास

हिवाळ्यात कोयनेच्या पाण्यावर धुकं उतरलं की संपत मोरे लाँचचं इंजिन बंद करायचा आणि ऐकत उभा राहायचा. लाँचवर सरकारने दिलेला नकाशाचा पडदा होता. त्यावर पाणी निळं दिसायचं, काठ पिवळा दिसायचा आणि लाँचचा ठिपका चुकत नसे. तरी संपत शाळा ऐकायचा. पोरांचे पाढे ज्या बाजूने आले त्या बाजूला खिरवंडी. सुकाणू तिकडे वळवायचं, की थोड्या वेळाने धक्क्याचे खांब धुक्यातून पुढे येत. त्याच्या बापाने असंच केलं होतं आणि त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

मागच्या मार्गशीर्षात मात्र तो वेगळंच काही ऐकायला थांबला होता. त्याच्या बायकोला, रंजनाला, तापाने पार घेरलं होतं. तिला गोधडीत गुंडाळून तो पलीकडे देवळीला दवाखान्यात नेत होता. मध्यावर त्याला वाटलं, तिचा श्वास ऐकू येत नाही, इंजिनच्या आवाजात बुडाला असेल. म्हणून त्याने इंजिन बंद केलं. पाणी लाँचच्या बुडाला लागून वाजत होतं. बाकी काही नव्हतं.

रंजना खिरवंडीच्या शाळेत खिचडी शिजवायची. पोरं तिला मावशी म्हणायची, पोरांचे आईबापही मावशीच म्हणायचे, कारण त्यांनीही तिच्याच हातची खाल्लेली. ती गेल्यावर नवीन बाई मिळाली नाही. देवळीच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून स्टीलच्या डब्यांत जेवण येऊ लागलं, आणि ते डबे आणायचे कोणी, तर लाँचवाल्याने. रोज सकाळी संपत ते डबे शाळेच्या ओट्यावर ठेवायचा आणि स्वयंपाकाच्या खोलीकडे न बघता परत फिरायचा.

शाळेच्या भिंतीवर ‘पाल’ होती. सरकारी कागदात तिचं नाव लयमापक, पण भिंतीला चिकटून बसते आणि मधूनच चुकचुकते म्हणून खिरवंडीने तिला पाल म्हटलं, आणि पुढे जिल्हाभर तेच नाव झालं.

तिची गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वी पट मोजून शाळेला पैसे मिळत. मग पट खोटे निघाले. कॅमेरे लावले तर लोक चिडले, आमच्या पोरांची तोंडं कशाला बघता म्हणून. तेव्हा ही पाल आली. तिला डोळे नाहीत. ती खोलीत अगदी मंद रेडिओलहरी सोडते. त्या माणसाच्या छातीवर आपटून परत येतात. छाती श्वासाने केसभर वरखाली होते, तेवढा फरक त्या परतलेल्या लहरींत उतरतो. त्यावरून पालीला कळतं की खोलीत किती छात्या आहेत आणि प्रत्येक छाती कशी हलते आहे.

इथवर ते नुसतं मोजमाप होतं. पण शास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट सापडली होती. माणसं एकत्र बसून एकच गोष्ट मन लावून ऐकू लागली, की हळूहळू त्यांचे श्वास एकमेकांना धरतात. कोणी ठरवून करत नाही. गोष्टीतला वाघ झाडामागे थांबला की सगळे थांबतात, तो निघून गेला की सगळे सोडतात. याला लय म्हणायचं ठरलं. मग सरकारच्या मनात आलं, की डोकी मोजण्यापेक्षा लय मोजावी. जिथे लय आहे तिथे शाळा आहे. जिथे ती ठरलेल्या रेषेखाली गेली, तिथे नुसती खोली आहे. अशा खोल्या बंद करून पोरं मोठ्या समूह शाळेत न्यायची.

खिरवंडीची शाळा दोन खोल्यांची आणि मूठभर पोरांची. पण लयीत ती वर्षानुवर्षं जिल्ह्यात पहिली. शिकवायला नीलोफर मुलाणी, वाईकडच्या. लोक त्यांना मुलाणी मॅडम म्हणत. बाहेरगावचे शिक्षक त्यांचं शिकवणं बघायला लाँचने येत. अन् गेल्या वर्षभरात तीच लय उतरत उतरत रेषेखाली गेली. सातारच्या कार्यालयातून पत्र आलं, की उन्हाळ्यानंतर खिरवंडीची पोरं देवळीच्या समूह शाळेत.

बाजीराव शेलाराच्या दुकानासमोर सगळे जमले होते.

“मॅडमचं वय झालं,” कोणीतरी म्हणालं. “आता पयल्यासारखं शिकवत नाहीत.”

“आणि संपतची चांदी!” बाजीराव म्हणाला. “रोज दोन येळा पोरं न्यायची-आणायची. सरकारी करार. आता नवी लाँच घेतोय बगा मोरे.”

“घेतो की,” संपत म्हणाला. “तुझ्या दुकानाचं नाव टाकतो तिच्यावर. वर लिवतो, उधार मिळणार नाय.”

लोक हसले. संपतही हसला, पण घरी येऊन तो बराच वेळ उंबऱ्यावर बसला. करार खरा होता, देवळीच्या माणसाने तो विचारलाही होता. पोरं पाण्यावरून न्यायची म्हणजे धुक्यातही न्यायची. आणि धुक्यात इंजिन बंद करून तो ऐकणार काय? शाळाच नसेल तर खिरवंडीचा काठ मुका होणार.

रंजनाच्या वर्षश्राद्धाला त्याने भटजींना सकाळीच मोकळं केलं आणि मुलाणी मॅडमना जाऊन विचारलं, “आज शाळेला मी जेवाण घालू का? तिच्या नावानं. डबे ऱ्हाऊ द्या एक दिस.”

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. “तुम्ही शिजवणार, भाऊ?”

“शिजंल. न्हाय शिजलं तर डबे हायतच.”

स्वयंपाकाची खोली वर्गाला लागून होती. मधली भिंत पातळ, वर लाकडी गजांची एक खिडकी. चुलीत कोळ्याने जाळं धरलं होतं. रंजनाची लोखंडी पळी खुंटीवर तशीच होती. संपतने तांदूळ-डाळ शिजवली, ती जरा खाली लागली. मग पळीत तेल तापवलं, लसूण आणि मोहरी टाकली, आणि ती लाल पळी तशीच खिचडीत बुडवली. चर्र झालं. धूर आणि वास खिडकीतून वर्गात गेला, आणि पोरं ओरडत बाहेर धावली.

“मावशीची फोडणी! मावशीची फोडणी!”

मॅडम मागून आल्या. त्यांचे डोळे ओले होते, तरी त्या रागावल्याच. “भाऊ, जरा थांबायचं होतं. अर्ध्यात उठली सगळी. रंजना थांबायची.”

“कशासाठी थांबायची?”

“ते मला काय माहीत? पण थांबायची.”

ईश्वरी नावाची तिसरीतली मुलगी खिचडी चिवडत म्हणाली, “आबा, करपलीय.”

“मग नको खाऊस.”

“मी कुठं नको म्हनले?”

दुसऱ्या दिवशी देवळीच्या धक्क्यावर एक मुलगी लाँचची वाट बघत उभी होती. पाठीवर पिशवी, पायात चिखल लागलेले बूट. आरोही ढाणे, सातारच्या कार्यालयातली, पालींची देखभाल करणारी. लाँच सुटताच तिने सरळ विचारलं, “काका, काल खिरवंडीच्या शाळेत पालीला कोणी हात लावला का? वर्षभर खाली असलेली लय एका दुपारी एकदम वर गेली. असं आपोआप होत नाही.”

“हात न्हाय लावला,” संपत म्हणाला. “मी खिचडी केली.”

ती हसली. मग हसायची थांबली.

शाळेत बसून तिने तिच्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर कालची दुपार उघडली. प्रत्येक पोराची एक हिरवी रेघ, वरखाली हलणारी. एका जागी सगळ्या रेघा एकदम वर उसळल्या होत्या, जणू सगळ्यांनी एकदम नाकाने हवा ओढली. मग तिने मागची वर्षं उघडली, रंजना होती तेव्हाची. रोज दुपारच्या सुमारास लय अशीच वर. रंजना गेली आणि लय बसली.

“वास,” आरोही हळूच म्हणाली. “इतकी वर्षं ही पाल फोडणीचा वास मोजत होती. भुकेला लय समजत होती.”

मुलाणी मॅडम खडू हातात धरून उभ्या होत्या. “म्हणजे पोरं माझं ऐकत नव्हती,” त्या म्हणाल्या. “लांबून लोक यायचे. मी त्यांना सांगायचे, असं शिकवा, तसं शिकवा. आणि पोरं लसणाची वाट बघत बसायची.”

पाल चुकचुकली.

“मॅडम, मला खरं तेच लिहावं लागेल,” आरोही म्हणाली. “वासाची लय वजा करावी लागेल.”

“लिहा,” मॅडम म्हणाल्या आणि फळा पुसू लागल्या. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

आरोही पाटीवर बोटं फिरवत राहिली. थोड्या वेळाने ती थांबली. “काका, त्या भिंतीपलीकडे काय आहे?”

“चुलीची खोली.”

“तिथे कोणी बसायचं का?”

“रंजना बसायची. माझी बायकू.”

पालीच्या लहरी पातळ भिंतीतून पलीकडे जात होत्या, हे कोणी ध्यानातच घेतलं नव्हतं. पलीकडून येणारी एक रेघ पाल रोज टिपत होती. पण ती वर्गाच्या खोलीतली नाही म्हणून पालीने तिला ‘गोंगाट’ असं नाव देऊन बाजूला टाकलं होतं. आरोहीने ती रेघ पडद्यावर आणली. पोरांच्या रेघांपेक्षा संथ, मोठ्या माणसाची. वर जायची, खाली यायची.

संपत खाली बसला. “ही ती?”

“श्वास आहे त्यांचा. गेल्या वर्षीच्या कार्तिकातला. एका साध्या दिवसाचा.”

त्याने बोट पुढे केलं, पण पडद्याला लावलं नाही. रेघ हलत होती. लाँचवर इंजिन बंद करून जे त्याला ऐकू आलं नव्हतं, ते इथे भिंतीत वर्षानुवर्षं साठलं होतं. बाहेर धुकं विरत चाललं होतं आणि खिडकीच्या गजांतून उन्हाचे पट्टे येत होते. संपतला वाटलं, आता उठून पलीकडच्या खोलीत गेलं तर ती पळी धरून बसलेली असेल. तो उठला नाही.

“पण थांबा,” आरोही म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “थांबा, थांबा. हे उलटं आहे.”

तिने पडद्यावर दोन दुपारच्या रेघा शेजारी-शेजारी ठेवल्या. “ही कालची. काकांनी फोडणी दिली, मग रेघा उसळल्या. आधी चर्र, मग लय. हा वासच. पण ही रंजनाताईंची बघा. हा इथला झटका म्हणजे चर्र. आवाजाने सगळी दचकतात, म्हणून ओळखू येतो. आणि रेघा एकत्र कधी आल्यात? त्याच्या आधी. कितीतरी आधी. फोडणीनंतर तर त्या विस्कटतात. वास सुटायच्या आधीच नाकाला कसा लागेल? परिणाम आधी आणि कारण मागून, असं होत नाही.”

मॅडम वळल्या. “म्हणजे?”

“म्हणजे वर्ग आधी एक व्हायचा, आणि मग त्या फोडणी द्यायच्या. आणि मॅडम, सगळ्यांत आधी लयीत येणारी रेघ कुठली, बघा. भिंतीपलीकडची.”

मॅडम बाकावर बसल्या. त्या म्हणाल्या, “मी त्या पळीची वाट बघायचे. ती वाजली की मला कळायचं, पोहोचलं. नाही वाजली तर मी तेच दुसऱ्या तऱ्हेने सांगायचे. ती गेल्यापासून मी नुसती बोलत सुटते, भाऊ. कुठे थांबायचं ते कळत नाही.”

आरोहीने कार्यालयाशी बोलून एक चाचणी ठरवली. नियम सरळ होता. चूल बंद. तेल नाही, लसूण नाही, कसला वास नाही. फक्त पोरांच्या रेघा धरायच्या. लय रेषेवर गेली तर शाळा राहील, नाही गेली तर देवळी.

“मी कुठं बसू?” संपतने विचारलं.

“तुम्ही पलीकडे बसा,” मॅडम म्हणाल्या. “नुसतं बसा.”

चाचणीच्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की शाळेच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. संपत थंड चुलीपाशी बसला. हाताला चाळा म्हणून त्याने खुंटीवरची पळी काढली. वर्गात आरोही मागच्या बाकावर पाटी घेऊन बसली होती. गावातली माणसं ओट्यावर गप्प उभी होती, बाजीरावसुद्धा.

मॅडमनी फळ्याकडे पाठ केली. “आज धुकं आहे,” त्या म्हणाल्या. “मला सांगा, धुक्यात दिसत नाही, पण आवाज कुठून आला ते कळतं. कसं कळतं?”

“कानानं!” सगळी ओरडली.

“बरं. मग देवाने कान दोन का दिले? एकाने ऐकू येतं की.”

“दुसरा पिळायला,” ईश्वरी म्हणाली, आणि वर्ग हसला. भिंतीपलीकडे संपतही हसला.

“डोळे मिटा,” मॅडम म्हणाल्या. “मी चालत जाऊन टिचकी वाजवते. मी जिथे असेन तिकडे बोट करा.”

टिचकी वाजली. संपतने डोळे मिटले होते. त्याने बोट केलं. पुन्हा टिचकी. पुन्हा बोट.

“आता एक कान घट्ट दाबा. आणि परत.”

संपतने पळी मांडीवर ठेवून डावा कान तळव्याने दाबला. टिचकी वाजली, आणि त्याला कळेना ती कुठे वाजली. सगळीकडून वाजल्यासारखं झालं. तो थोडा घाबरला. जन्मभर धुक्यात ज्याच्या भरवशावर लाँच हाकली, ते असं एका तळव्याने नाहीसं झालं होतं.

“का झालं असं?” मॅडमनी विचारलं, आणि मग त्या बोलल्याच नाहीत.

कोणीच बोललं नाही. पाणी धक्क्याला लागून वाजत होतं, तेवढं ऐकू येत होतं. संपत विचार करत होता. शाळा उजवीकडे असली की तो सुकाणू उजवीकडे वळवायचा. पण उजवीकडे हे त्याला कोण सांगायचं? त्याने तळवा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोहोचत असेल. डाव्याला मागून. जरासा मागून, डोक्याच्या रुंदीएवढा. त्या जराशा मागेपुढे होण्यातच दिशा असेल. एका कानाला मागेपुढे काही नाही, म्हणून दिशाही नाही. असं असेल? असंच असेल.

त्याच्या मांडीवरची पळी घसरली आणि रिकाम्या पातेल्यात पडली. ठण्ण झालं.

वर्गातली पोरं दचकली आणि मग सगळी एकदम बोलू लागली. “मॅडम, एका कानाला आधी येतो!” “जवळच्या कानाला!” “दुसऱ्याला उशिरा!” त्या गलक्यात मुलाणी मॅडम खिडकीच्या गजांकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभर न दिसलेलं हसू होतं.

आणि संपतला कळलं. रंजना पोरांसाठी थांबत नव्हती, मॅडमसाठीही नव्हती. तिला स्वतःला कळेपर्यंत ती थांबायची. चौथीत शाळा सुटलेली बाई, पळीत तेल तापवून भिंतीला कान लावून बसायची, आणि गोष्ट डोक्यात उजाडली की खुशीने चर्र करायची. रात्री जेवताना म्हणायची, “अवो, ठावं हाय का, चांदाला स्वताचा उजेड न्हाय.” तो म्हणायचा, “बरं. भाकर वाढ.” तीही हसून वाढायची. रोज काहीतरी नवीन असायचं तिच्याकडे. त्याला वाटायचं, कुठून आणते ही.

आरोही स्वयंपाकाच्या खोलीत आली तेव्हा तो पातेल्यापाशी तसाच बसला होता.

“रेषेच्या वर,” ती म्हणाली. “थोडीच वर, पण वर. पळी पडायच्या कितीतरी आधीपासून.” ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. “काका, काय केलंत तुम्ही?”

“काय न्हाय. ऐकत बसलो.”

बाहेर ओट्यावर बातमी पोहोचली. बाजीराव ओरडला, “गेली का संपतची नवी लाँच?”

“गेली!” संपतने आतूनच ओरडून सांगितलं. “तुझी उधारी मात्र ऱ्हायली.”

आरोहीने पाटी पुढे केली. “ही भिंतीपलीकडची रेघ. पाल तिला गोंगाट म्हणते. ते आता मी काढून टाकणार आहे. मला नाव घालावं लागेल. आधीची रंजनाताईंची, आता तुमची. तुमचं नाव घालू?”

संपतने पडद्याकडे पाहिलं. त्याच्या श्वासाची रेघ वरखाली होत होती. तिच्या खाली, फिक्या रंगात, दुसरी. जुनी. दोन्ही फारशा वेगळ्या नव्हत्या.

“मावशी लिवा,” तो म्हणाला.

“दोघांनाही?”

“जागेचंच नाव हाय ते.”

देवळीच्या डब्यांचं जेवण पौष संपता संपता बंद झालं. शाळेची खिचडी पुन्हा शाळेत शिजू लागली आणि शिजवणारा लाँचही चालवत होता, म्हणून कधीकधी दुपार लांबायची. सुरुवातीला पोरांनी चेष्टेने त्याला मावशी म्हटलं. ईश्वरीने तर लाजही ठेवली नाही, “संपतमावशी, आज मीठ टाका बरं,” असं भर धक्क्यावर म्हणाली. मग चेष्टा संपली आणि नाव राहिलं.

एका दिवशी तो देवळीहून डाळ-तांदळाची पोती घेऊन निघाला आणि मध्यावर धुक्याने गाठलं. त्याने इंजिन बंद केलं. पडदा निळापिवळा लुकलुकत होता, त्याच्याकडे त्याने बघितलं नाही. पाणी लाँचच्या बुडाला लागून वाजत होतं. तो उभा राहिला, दोन्ही कान मोकळे ठेवून.

आधी काही नव्हतं. मग लांबून, धुक्यातून, पुष्कळ पोरांचा मिळून एक आवाज आला. जेवायला उशीर झाला होता.

“मावशीऽऽऽ!”

उजव्या कानाला आधी आला, डाव्याला जरासा मागून. संपतने सुकाणू उजवीकडे वळवलं.